खरखर

"मामा, हनुवटी वर करा," साहेब म्हणाले.

मामांनी हनुवटी वर केली. दरवाजावरच्या माणसाचा चेहरा म्हणजे कंपनीचा चेहरा, असं साहेबांचं ठाम मत होतं. कंपनीच्या या चेहऱ्यावर सध्या हनुवटीखाली सात-आठ लाल पुटकुळ्या होत्या आणि त्यातली एक फुटून गणवेशाच्या कॉलरला रक्ताचा डाग पडला होता.

"हे काय करून घेतलंय? आठ दिवस देतो. नाहीतर मागच्या गोदामावर जा. तिथं कोणी बघत नाही."

कोणी बघत नाही, हेच तर मामांचं दुखणं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात भांडं पडलं तरी 'काय पडलं?' विचारणारं कोणी नव्हतं. पुढच्या दरवाजावर मात्र रोज सकाळी दोनेकशे माणसं आत जायची, त्यातली साठ-सत्तर तरी 'काय मामा?' म्हणायची. मामांचं दिवसभराचं बोलणं तेवढ्यावर भागायचं. गोदामावर काय, उंदरांशी गप्पा मारायच्या?

जेवणाच्या सुट्टीत ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. तिथली सिस्टर त्यांना मुलगी शोभेल एवढ्या वयाची, पण तोंडानं फटकळ. तिनं त्यांचा चेहरा दिव्याखाली धरला.

"दाढी कशी करता?"

"आधी सुलटी, मग उलटी. मग परत एकदा उलटी."

"शेत नांगरताय का, मामा? ब्लेड कधी बदललं?"

मामा आठवायला लागले.

"आठवावं लागतंय, म्हणजे कळलं. अहो, कातडी ताणून उलटं कापलं की केस आत जातो आणि तिथंच वळून वाढतो. त्याच्या या पुटकुळ्या. एवढं घासताच कशाला? बोहल्यावर चढायचंय?"

"खरखर राहता कामा नये," मामा म्हणाले.

"असं कोण म्हणतं?"

म्हणणारी गेली होती. मामा ड्युटीवर निघाले की ती दारात आडवी यायची आणि त्यांच्या गालावरून उलटा हात फिरवायची. जरा खरखर लागली की म्हणायची, "परत जा." मामा कुरकुरत पुन्हा आरशापुढे. ती गेली, पण मामांचं परत जाणं थांबलं नाही. हात फिरवणारं कोणी उरलं नाही, तसं 'पुरे आता' म्हणणारंही कोणी उरलं नव्हतं.

"सवय हो," ते म्हणाले.

सिस्टरनं चिठ्ठी लिहून दिली. चार दिवस दाढीच नाही. मग आंघोळीनंतर, केस मऊ झाल्यावर. फेस लावून दोन मिनिटं थांबायचं. नवं ब्लेड, केसांच्याच दिशेनं, न दाबता आणि एकदाच.

"थोडी खरखर राहील," ती म्हणाली. "राहू दे."

चिठ्ठी वाचून साहेबांनी नाक मुरडलं. दरवाजावर मात्र चार दिवस चंगळ झाली. "मामा, संन्यास घेतलात?" "प्रेमभंग दिसतोय!" एरवी नुसती मान हलवणारेही थांबून बोलले.

पाचव्या दिवशी मामांनी एकदाच, सुलटी दाढी केली. हात आपोआप उलटा वळायला लागला, तेव्हा त्यांनी रेझर खाली ठेवून दिला. गालावरून हात फिरवला.

"खरखर आहे," ते मोठ्यानं म्हणाले.

कोणी 'परत जा' म्हटलं नाही. मामा दारात जरा थांबले आणि तसेच निघाले. रस्ताभर त्यांना चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

आठव्या दिवशी साहेबांनी हनुवटी पाहिली आणि म्हणाले, "ठीक. राहा इथंच." ही बातमी कुणाला तरी सांगायलाच हवी होती. सुट्टीत मामा दवाखान्यात गेले.

सिस्टरनं आधी गळा पाहिला. मग बोटांची मागची बाजू त्यांच्या गालावरून हलकेच फिरवली. मामांनी डोळे मिटून घेतले.

"थोडी खरखर आहे," ती म्हणाली. "छान. अशीच ठेवा."

मामांनी डोळे उघडले. "परत कधी येऊ?"

"आता कशाला? बरे झालात की. परत यायची गरज नाही."

"नाही, म्हणजे दाखवायला..."

पण तिनं पुढचा नंबर पुकारला होता. खोकणारे एक आजोबा आत येत होते. मामांनी त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं, टोपी नीट केली आणि ते ड्युटीवर परत गेले.