वरातीत मी फिरतच होतो

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकणारा नव्हे, मित्रांनो. मी गाडीच्या रेडिएटरमागे बसतो, समोरून वारा आत ओढतो आणि इंजिनातलं तापलेलं पाणी थंड करतो. मला सात पाती आहेत. त्यातलं एक टोकाला तुटलेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल खोटं बोललं गेलं आहे आणि मला खोटं बोलायचं नाही.

मी आधी दुसऱ्या एका गाडीत होतो. तिला घाटात मागून ट्रकने चेपलं. पुढचा भाग शाबूत राहिला आणि त्याच्याबरोबर मीही. मग कळंबोलीच्या एका आवारात फुटक्या दारांच्या ढिगावर दोन वर्षं पडून राहिलो. तिथून मला श्यामसुंदरने उचललं. जुईनगरला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. त्याने मला बोटाने फिरवलं, कानाशी धरलं आणि म्हणाला, "बेरिंग एक नंबर हाय. काकांचं काम झालं."

काका म्हणजे सानपाडा गावातले वामनकाका. त्यांच्याकडे एक चौकोनी तोंडाची पांढरी गाडी होती, त्यांच्या मुलापेक्षा, प्रीतमपेक्षा, दोन वर्षांनी मोठी. त्यांच्या बायकोला, बायजाबाईला, त्यांनी ह्याच गाडीतून शेवटचं दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर गाडी विकायचं नाव काढलं की काका ताटावरून उठायचे.

आता प्रीतमचं लग्न ठरलं होतं. त्याला वरातीला भाड्याची मोठी गाडी हवी होती. काका म्हणाले, "नवरा आपले गारीत बसंल." प्रीतम म्हणाला, "बाबा, ही सिग्नलला उकळते. वरातीत बंद पडली ना, तर सोमवारी थेट कळंबोली. भंगारात." काका म्हणाले, "दिला सबूद."

त्या शब्दासाठी मला आणलं होतं. गाडीचा जीव माझ्यावर होता, मित्रांनो.

त्या गाडीचा मूळ पंखा लोखंडी होता. पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. इंजिन जोरात तर तो जोरात, इंजिन हळू तर तो हळू. म्हणजे गाडी रांगेत अडकली, वाऱ्याची खरी गरज पडली, की हा नेमका पेंगायचा. श्यामसुंदरने त्याला उतरवलं आणि मला बसवलं.

"हेडलाइटचे वायरलाच लाव ना, झटपट होईल," काका म्हणाले.

"काका, ती वायर शेवयांसारखी वितळंल. पंखा करंट किती खातो माहितीये?"

त्याने बॅटरीपासून जाड तार ओढली. मध्ये फ्यूज घातला. मग रिले बसवला. रिले म्हणजे दारावरचा माणूस समजा. बारीक तारेने निरोप आला की तो जाड तारेचं दार उघडतो. निरोप पाठवायला रेडिएटरला एक स्विच लावला. पाणी तापलं की मी सुरू, थंड झालं की मी बंद. चावी काढली तरी पाणी तापलेलं असेल तोवर मी फिरणार.

"आन कदी जळल्याचा वास आला तर हा फ्यूज उपटायचा. पंखा बंद," श्यामसुंदर म्हणाला. काकांनी ते दोनदा करून बघितलं.

मग मी फिरत असतानाच श्यामसुंदरने प्रीतमच्या लग्नाची पत्रिका घेतली, गाडीच्या पुढच्या जाळीवर धरली आणि हात सोडला. पत्रिका पडली नाही. मी ती ओढून धरली होती.

"बघा. हात न लावता."

काका हसले. "येवरा जोर तं माजे सासऱ्यान पन नव्हता!"

"पण काका, एक ध्यानात ठेवा. ही जाळी म्हंजे गाडीचं नाक. हिच्यासमोर काय बांधायचं नाय. हार नाय, काय नाय."

"मी काय येरा हाय काय?"

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले चांगले. वाशीच्या सिग्नलला भर मे महिन्यात आम्ही वीस मिनिटं उभे राहिलो आणि पाण्याच्या तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. काका बोनेटवर थाप मारून लोकांना सांगायचे, "पंखा हाय माजा!" माझा म्हणायचे. मी भंगारातून आलेला, मला कुणी कधी माझा म्हटलं नव्हतं. मी विश्वास ठेवला. चूक माझीच.

वरातीचा दिवस आला. दुपारचे चार. सानपाड्याहून जुईनगरच्या हॉलपर्यंत चालत गेलं तर पंचवीस मिनिटं, वरात म्हटली की अडीच तास. बेंजोचा बँड पुढे, नाचणारे मध्ये, मागे गाडी.

आणि काकांनी फ्लेक्स आणला. खऱ्या तोंडाएवढी तोंडं करून छापलेले बारा जणांचे फोटो. मधोमध काळा चष्मा लावलेले काका, वर कोपऱ्यात बायजाबाई. आमच्याकडे फ्लेक्सशिवाय बारसंही होत नाही, हे तर लग्न. भावकीतल्या कुणीतरी म्हटलं, "मागं लाव, डिकीवर." काका म्हणाले, "तिचे पोराची वरात हाय. ती काय मागं बसंल?" आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी तो जाळीवर ताणून, तारेने चार कोपरे आवळून बांधला.

मला सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं.

पाणी तापलं, मी सुरू झालो. ओढायला गेलो तर वारा नाही. जेवढा जोर लावला तेवढा फ्लेक्स जाळीला घट्ट चिकटला. जी ताकद बघून काका हसले होते, तीच त्यांच्या गाडीचा गळा आवळत होती. मी थांबलो नाही. थांबणं माझ्या हातात नव्हतं आणि मनातही नव्हतं. दीड तास मी असा फिरलो. मग हॉल समोर दिसायला लागला तेव्हा बोनेटमधून वाफ आली आणि गाडी उभी राहिली.

बेंजो थांबला. काका धावत पुढे आले. फ्लेक्स जाळीला चिकटलेला त्यांनी बघितला. त्यांना कळलं. मी सांगतो, त्याच क्षणी कळलं. त्यांनी तो भराभर सोडला, गुंडाळून डिकीत टाकला. मग बोनेट उघडलं. चावी बंद होती, तरी मी फिरत होतो, वारा आता कुठे मिळत होता. मला वाटलं, काका आता म्हणतील, माझा पंखा.

प्रीतम बाशिंग सावरत गाडीतून उतरला. त्याची पावलं वाजली आणि काकांचा हात आत आला. त्यांनी फ्यूज उपटला. मी थांबलो. फ्यूज त्यांच्या खिशात गेला.

"बघ. पंखाच बंद हाय," काका म्हणाले.

"म्हंजे गाडी नाय, पंखा?"

"पंखाच. भंगारातला, दुसरं काय होनार!"

प्रीतमने माझ्या तुटक्या पात्याकडे बघितलं. "मग हा फेका. गाडी ऱ्हाऊ द्या." आणि तो हॉलपर्यंत चालत गेला.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदर आला. "काका, मला बॅटरीवर लावून बघू द्या. माझं काम असं जात नाय." काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मोटार जलली त्याची. नवा टाक." त्याचंही नाव गेलं, माझ्याबरोबर.

गाडी वाचली, मित्रांनो. बायजाबाईची गाडी आहे, वाचली ते बरंच झालं. पण ती माझं नाव घालवून वाचली. काकांनी मला खरं सांगून भंगारात टाकलं असतं, तर मी हसत गेलो असतो.

त्यांनी मला भंगारातही टाकलं नाही. त्याच फ्लेक्समध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं. काळा चष्मा माझ्या पात्यांवर दाबून बसला आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू बंद पडली तर तिला शिव्या देण्याआधी तिच्या वाटेत आपण काय बांधलं ते बघा. आणि माझं खोटं वाटत असेल तर सानपाड्याला या. मला खाली उतरवा, दोन तारा बॅटरीला लावा आणि समोर एक कागद धरा.

मग हात सोडा.