कोंडीची जागा

कशेळ्याहून डोंगराकडं चढत गेलं की ठाकरवाडी लागते. त्या वाडीत कुणी कुणाला काही शिकवत नसे. पोर कडेवरून उतरलं की कुणाच्या तरी मागं लागायचं. चिंबोऱ्या धरायला निघालेल्या काकीच्या मागं, मध काढणाऱ्या मामाच्या मागं, कारवीच्या कुडाला शेण लिंपणाऱ्या कुणाच्याही आजीच्या मागं. "मागं मागं ऱ्हा," एवढाच धडा. चिंबोरीनं बोट धरलं की ती कशी धरायची नाही ते कळे. पोर रडलं की सगळी वाडी हसे, आणि मग वाडीच फुंकरही घाली.

लग्नाचा धवलाही असाच यायचा. वाडीचं लगीन भटजी लावत नसे, धवलारीण लावायची. ती गाई, तिच्या गाण्यावर हळद चढे, तिच्या गाण्यावर पोर उंबरा ओलांडे. ठकूबाई वाडीची धवलारीण. ती पुढची ओळ टाकी आणि जमल्या बाया मागची ओळ उचलत. मागची ओळ ठरलेली, साऱ्यांच्या तोंडची. पुढची मात्र दर लग्नाला नवी, ज्या पोरीचं लगीन तिच्या जन्माची. पोर कुठल्या झाडावरून पडली, कुणाशी भांडली, पाणवठ्यावर कुठल्या दगडाशी घागर टेकवी, हे धवलारणीनं वर्षानुवर्षं डोळ्यांत साठवलेलं असायचं. मग त्या दिवशी ते आपोआप गळ्यात उतरे.

जिनं पुढं धवलारीण व्हायचं ती ठकूबाईच्या डाव्या अंगाला उभी राही, पदराचा शेव मुठीत धरून. ठकूबाई कुणाकडं बघते, कुठं श्वास घेते, कुठं मुद्दाम थांबून बायांना रडू देते, हे पदरातून हाताला कळायचं. दुसरी शाळा नव्हती. आणि मांडवाबाहेर धवला गायचा नाही, ही बंदी. मांडव नसताना गायला तर ऐकणाऱ्या पोरीचं लगीन मोडतं, असं ठकूबाईची सासू सांगून गेलेली.

त्या जागेवर ठकूबाईची लेक कोंडी उभी राहायची. पदर धरायची, पेंगायची, पदरालाच नाक पुसायची. तिला पहिलं गाणं तेवढं पाठ झालं होतं, देवांना बोलावण्याचं. तेवढ्यात कशेळ्याचे गुरुजी आले आणि म्हणाले, "पोरगी चलाख आहे. कर्जतला वसतिगृह आहे, तिथं घाला."

ठकूबाईच बोलली. "धाडा. दवाखान्यात ती पांढऱ्या लुगड्यातली बाई हाय ना, तिनं 'तोंड उघडा' म्हणलं की तलाठीबी तोंड उघडतो. तशी हू दे माझी कोंडी."

"आनि जागा?" शेजारच्या गौराबाईनं विचारलं. मागची ओळ उचलणाऱ्यांत तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

"जागा कुठं पळून जाती का? ठेवते मी तिची."

आणि ठेवली.

गौराबाईची सोनू कोंडीहून बरीच धाकटी. चालायला लागली तशी मांडव दिसला की पळत येई आणि ठकूबाईच्या डाव्या अंगाला जाऊन पदर पकडी. ठकूबाई गाता गाता पदर झटकी. "सोड गं. ती कोंडीची जागा हाय." पोर हिरमुसून मांडवाच्या मेढीमागं जाई, त्या खांबाला मिठी मारून उभी राही. पुढच्या लग्नाला पुन्हा हजर.

"तुझी पोर माझा पदर फाडनार बघ," ठकूबाई म्हणे.

"फाडू दे. तुझं लुगडं तरी नवं येईल," गौराबाई म्हणे, आणि दोघी हसत. सोनू हसत नसे. मोठी झाली तशी ती पदराजवळ यायची थांबली. मेढीमागं मात्र उभी असायची.

वैशाखात वाडीला पाणी नसे म्हणून लग्नं माघ-फाल्गुनात उरकायची. कोंडी सुट्टीला यायची तेव्हा मांडवाचे डहाळे वाळून चुलीत गेलेले असायचे. एका सुट्टीत ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आये, एकदा म्हण ना सगळं. मी ध्यानात ठेवते."

गाणं ठकूबाईच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते आवंढ्यासारखं गिळलं. "मांडव नाय गं. म्हणू कुठं? तू माघात ये."

माघात कोंडीची परीक्षा असायची. मग खोपोलीला नर्सचं काम लागलं, मग पाळ्या आल्या. दर माघात ठकूबाई डावीकडं पदर मोकळा सोडून उभी राही. वाऱ्यानं तो उडे. बाया बघत.

मग एका सालाला भात कापताना ठकूबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. ऐकू येई, समजे, गाणी आत जशीच्या तशी फिरत. तोंडातून मात्र नुसतं "ऊं ऊं" निघे आणि लाळ.

कोंडी आली ती राहायलाच आली. कशेळ्याच्या दवाखान्यात बदली मागून घेतली. आईला न्हाऊ घाली, कूस बदली, पेज भरवी. बोट न लागता ओठ पुसायची तिची रीत अशी हलकी, की ठकूबाईला वाटे, हे हात मी दवाखान्याला दिले ते वाया नाय गेले. कोंडी तिच्या कानाशी सांगे, "मी आले ना आता. उभी ऱ्हाते जागेवर."

त्याच माघात सोनूचं लगीन निघालं. मुलगा खोपोलीच्या कारखान्यात, बिऱ्हाड तिथल्याच चाळीत. व्याही म्हणाले, भटजी आणू. गौराबाई उसळली. "आमची धवलारीण जित्ती हाय. तिची लेक हाय. तुमचा भटजी तुमच्या चाळीत ठेवा."

मांडव पडला. ठकूबाईची बाज मेढीशी आणून ठेवली. कोंडी तिच्या डाव्या अंगाला उभी राहिली, पदराचा शेव मुठीत घेतला. बाया थांबल्या. कोंडीनं डोळे मिटले आणि ओळ टाकली:

"डोंगराच्या माये, तुला पयलं बोलावनं..."

"ये गं माये ये, मांडव तुझ्या सावलीचा!" बायांनी उचललं. ठकूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आली गं माझी कोंडी, आली.

पण ते गाणं सरलं आणि हळद आली. हळदीच्या गाण्यात सोनूचं बाळपण यायला हवं होतं. कोंडीनं तोंड उघडलं, मिटलं. ती वाडीत नव्हतीच सोनू वाढताना. तिनं आईकडं बघितलं. ठकूबाईनं सारा जीव जिभेत आणला. "ऊं," एवढंच आलं. कोंडीनं कावरंबावरं होऊन पुन्हा पहिलीच ओळ टाकली, "डोंगराच्या माये, तुला पयलं बोलावनं..." बायांनी उचलली, जरा दबकत. हळद त्याच गाण्यावर लागली. माळही त्याच्यावरच पडली. गौराबाईचा खणखणीत आवाज हळूहळू खाली उतरला.

पोर पाठवायची वेळ झाली. वाडीच्या बांधावर पोर थांबते, धवलारीण वाडीतल्या एकेका वस्तूला विनवते, सोड हिला. सगळ्यांनी सोडल्यावर पोरीचं पाऊल उचलतं. ठकूबाईची बाज उचलून बांधावर नेली. तिच्या आत सोनूचं गाणं कधीचं तयार होतं. पानवठ्याच्या दगडा, सोड सोनूची घागर. आंब्याच्या फांदीये, सोड सोनूचा झोका. बाया मागची ओळ ओठांवर घेऊन उभ्या होत्या, 'सोड रं सोड, लेक चालली परघरा'. पुढची ओळ येईना.

रस्त्यावर वऱ्हाडाच्या टेंपोनं भोंगा वाजवला. कोंडी रडत रडत गाऊ लागली, "डोंगराच्या माये, तुला पयलं बोलावनं..." जाणाऱ्या पोरीच्या तोंडावर सगळ्या बाया हाक घालू लागल्या, ये गं माये, ये.

सोनू ठकूबाईच्या पाया पडायला वाकली. तिचं तोंड ठकूबाईच्या कानाशी आलं. नवरीनं आपल्या लग्नात गायचं नसतं. ती गात नव्हतीच, पुटपुटत होती, श्वासाएवढ्या आवाजात.

"पानवठ्याच्या दगडा, सोड सोनूची घागर... आंब्याच्या फांदीये, सोड सोनूचा झोका..."

ठकूबाईनं हे अजून कुणापुढं गायलं नव्हतं. ओळ न् ओळ तीच. श्वास तिथंच घेतलेला, थांबायचं तिथंच थांबलेली. आणि मग एक ओळ आली, जी ठकूबाईच्या गळ्यात कधी आली नव्हती:

"मांडवाच्या मेढीये, सोड सोनूचा हात..."

ठकूबाईला ओरडायचं होतं. ही बघा, ही हाय धवलारीण, थांबवा तो टेंपो! "ऊं! ऊं!" बायांना वाटलं, म्हातारीला पोर जाताना भरून आलंय. तिनं धड उरलेला डावा हात चाचपत नेला, कोंडीच्या मुठीतून पदराचा शेव ओढून काढला आणि सोनूच्या हातात कोंबला.

सोनूनं तो धरला. दोन्ही हातांनी धरला, लहानपणी धरायची तस्सा. हिरवा चुडा किणकिणला.

भोंगा पुन्हा वाजला. गौराबाई डोळे पुसत पुढं आली, पोरीच्या खांद्याला धरून तिला उठवत म्हणाली, "सोड गं. लोक खोळंबलेत."

सोनूनं पदर सोडला. बांध उतरली. चाळीत मांडव कुठला, नि धवला कुठला? टेंपोची धूळ बसेपर्यंत बाया उभ्या होत्या, मग एकेक परतल्या.

कोंडी बाजेशी बसली. पडलेला पदर उचलून तिनं आईच्या खांद्यावर नीट घेतला, ओठ पुसले, हलक्या हातानं.

"आये, सोनू काय म्हनत होती गं कानात?"

ठकूबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. ओळी आत फिरत होत्या, शेवटी सोनूची ती एक नवी. तिनं डावा हात उचलला आणि कोंडीच्या केसांवरून फिरवला. फिरवतच राहिली.