पक्क्या विटांची भिंत

पडद्याचा दांडा नीट बसला, तर मामारसूलच्या पदरात वर्षभराची शांतता पडणार होती. उद्या त्याच्या धाकट्या लेकीचं, झेबिनिसोचं लग्न. आज मुलीकडच्यांनी नवरदेवाच्या घरची खोली सजवायची आणि उझबेकिस्तानातल्या कोकंद शहराच्या त्या गल्लीतल्या बायकांनी ती नजरेनं तोलायची. मखमलीचे पडदे झेबिनिसोनं स्वतः शिवलेले. त्यांत खोट निघाली नाही, तर सासरी पोरीला कुणी वाकडं बोलणार नव्हतं. थोरली एका आखूड गादीपायी तीन वर्षं टोमणे खात होती. तेव्हा ‘हे काम मीच करतो’ म्हणत मामारसूल स्टुलावर चढला.

ड्रिल टेकवताच सरळ आत घुसलं. लाल भुकटी यायला हवी होती. आली पिवळी माती, भळाभळा.

सोयरीक ठरताना विहीण हुरमतआपानं गल्लीभर सांगितलं होतं, “आमचं घर भट्टीतल्या पक्क्या विटांचं!”

“काय झालं हो?” खालून बायको सलोमतनं विचारलं.

“कच्ची वीट आहे. निव्वळ माती.”

“हळू! हे बाहेर फुटलं तर उद्या पोरगी उंबऱ्यातच सासूची वैरीण होईल.”

“मग खुंटी कुठं ठोकू, तुझ्या डोक्यात?”

“ठोका. तुमच्याशी संसार करून तेवढंच पक्कं झालंय.”

त्यानं दुसरं भोक पाडलं, तिसरं पाडलं. स्क्रू धरायला भोकात ठोकलेली प्रत्येक खुंटी स्क्रूबरोबर गोल फिरायची आणि घसरून हातात यायची. शेवटी मूठ जाईल एवढं भगदाड पडलं. त्याच्या कपाळावरचा घाम मातीत मिसळून डोळ्यांत उतरत होता. अंगणात बायकांचे आवाज आले, चपला निघायला लागल्या.

भिंतीत एकच गोष्ट भरवशाची उरली होती, खिडकीवरची लाकडी तुळई. पण ती मापापेक्षा वीतभर खाली. दुसरा इलाज नव्हता. त्यानं दांडा तिथंच आवळला. वरच्या भगदाडांवर सलोमतनं भरतकामाची लांब पट्टी बारीक चुकांनी ताणली.

बायका आत आल्या. सगळ्यांत पुढे हुरमतआपा. तिला जमिनीवरची पिवळी माती दिसली, आणि तिनं गालिचाचा कोपरा पायानं अलगद त्यावर सरकवला.

“अगं बाई, पडदा तर जमिनीवर लोळतोय!” एकजण म्हणाली.

“शिकेल हो,” हुरमतआपा गोड हसली. “माप घ्यायला मी शिकवीन सुनेला.”

“पोरीचं माप बरोबर आहे,” मामारसूल म्हणाला. “दांडाच खाली आलाय.”

“आणि तो का खाली आला, व्याही?”

सलोमतनं नाही म्हणून मान हलवली, जेमतेम दिसेल एवढी.

“माझा... हात पोचला नाही.”

“एवढा ताडमाड माणूस, आणि म्हणे हात पोचला नाही!” कोपऱ्यातली म्हातारी खिदळली. “बाप आहे, पोरीच्या चुकीवर घालणारच पांघरूण.” सगळ्याच हसल्या.

हुरमतआपाची भिंत पक्कीच राहिली. मामारसूल त्याचा दंड भरायला तयार होता, पण त्याच्याकडून तो कुणी घेतलाच नाही. भरला झेबिनिसोनं. ती त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे, उरलेल्या मखमलीच्या उशीला झालर लावत बसली होती.