मारोतरावांच्या पत्राची पोच

चंद्रभान धकाते विद्यापीठाच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात नोकरीला नव्हता, ही गोष्ट १९७८ सालच्या नागपुरात फार तर तीन माणसांना ठाऊक होती. एक खुद्द चंद्रभान, दुसऱ्या म्हणजे या केंद्राच्या अधिकारी इंदुताई, आणि तिसरा शिपाई ताराचंद, जो पगाराच्या दिवशी सह्यांचं रजिस्टर घेऊन फिरायचा आणि चंद्रभानच्या टेबलाला वळसा घालून पुढे जायचा. बाकी सगळं जग त्याला साहेब म्हणत होतं, आणि जगाला नको कसं म्हणायचं ते त्याला कधी जमलं नाही.

सहा वर्षांपूर्वी बी.कॉम. होऊन तो इथे आला तो चार पोरांसारखाच, कुठे जागा निघाल्यात का ते विचारायला. इंदुताईंनी त्याचं अक्षर पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढा फलक लिहून देतोस का रे?" त्याने दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा फलक निघाला. महिनाभराने त्याला बसायला स्टूल मिळालं, वर्षाने खुर्ची मिळाली. "जागा मंजूर झाली की पहिलं नाव तुझं," असं ताई म्हणायच्या आणि ते मनापासून म्हणायच्या. दरवर्षी त्या प्रस्ताव पाठवत आणि दरवर्षी तो वर कुठेतरी जाऊन निवांत झोपत असे. पुढे ताईंनी म्हणायचं सोडलं, चंद्रभानने ऐकायचं सोडलं. सवयीने तो सकाळी दहाला यायचा, खिडकीतली वाळ्याची ताटी पाणी मारून ओली करायचा, टपाल फोडायचा, अर्ज वाटायचा. संध्याकाळी इतवारीतल्या एका कापडाच्या ठोक दुकानात हुंड्या-पावत्या लिहायचा, आणि तिथे जे मिळे त्यावर त्याचं पोट चाले.

पोरांना मात्र तो खरोखर उपयोगी पडे. मुलाखतीला जाताना चप्पल घालू नका, बूट नसतील तर मित्राचे मागा. विचारल्याशिवाय बसू नका. वडील काय करतात विचारलं तर मान खाली घालून सांगू नका. आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर पत्ता असा लिहा की पत्र तुमच्याच हातात पडलं पाहिजे. काका-मामाचा पत्ता नको, गावाकडचा तर नकोच नको. हे तो दिवसातून दहा वेळा सांगायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. त्याच्या स्वतःच्या कार्डावर सहा वर्षं उमरेडचाच पत्ता होता. नागपुरात त्याने तीन खोल्या बदलल्या. दर जुलैत एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहून कार्डाचं नूतनीकरण तो न चुकता करायचा, पण पत्ता बदलायचं राहून जायचं. मुलाखतीचा कॉल येईल असं मानणं त्याने नेमकं कधी सोडलं, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

घरी खोटं बोलला म्हणावं, तर तेही नाही. चार वर्षांपूर्वी उमरेडच्या विणकरांच्या गल्लीतला चंपतराव काही कामाने नागपूरला आला होता. त्याने चंद्रभानला टेबलामागे बसलेलं पाहिलं, दोन एम.ए. झालेली पोरं त्याला "साहेब, साहेब" करताना पाहिली, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जाऊन गल्लीभर सांगितलं, "मारोतरावचा पोरगा युनिवर्सिटीत लागला." शनिवारी चंद्रभान घरी गेला तेव्हा आई कुसुमावती दारोदार साखर वाटून आली होती. वडील, मारोतराव, मागावरून उठले होते. पन्नास वर्षं विणणारा हा माणूस दिवसाउजेडी मागावरून उठला, हेच केवढं मोठं. त्यांनी पोराकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "जमलं म्हना." चंद्रभान तेव्हा नाही म्हणाला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. तो म्हणाला, "हो बाबा."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो इतवारीतल्या कमाईतून उरेल ते पगार म्हणून घरी नेऊन देऊ लागला.

जून महिन्याच्या तेवीस तारखेची गोष्ट. पावसाचा पत्ता नव्हता आणि नागपूर भाजून निघत होतं. सरकारी नोकरीसाठी चंद्रभानची वयोमर्यादा एक जुलैला संपणार होती. अठ्ठावीस पूर्ण. ही एक जुलै काही त्याची खरी जन्मतारीख नव्हे; गल्लीतल्या निम्म्या पोरांना मास्तरांनी तीच दिली होती. पण कागदाला खरं-खोटं कळत नाही. एक तारीख उलटली की एक्स्चेंजच्या कार्डाचा उपयोग पुस्तकात खूण घालण्यापुरता. आठ दिवस उरले होते. आठ दिवसांत काय होणार, असं तो दाढी करताना मनाशी म्हणाला आणि त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही.

दुपारी काटोलचा रुपराव आला. सहा महिने चंद्रभानने त्याला घासून-पुसून तयार केलं होतं. मुलाखतीला लागणारे बूटही चंद्रभानचेच होते. रुपरावच्या एका हातात ते कागदात गुंडाळलेले बूट होते आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

"साहेब, ऑर्डर आली! पाटबंधारे खात्यात, क्लार्क!"

"अरे वा! बस. कशी झाली मुलाखत?"

"बारा तारखेले बलावलं होतं. एक्स्चेंजनं पाच नावं धाडली होती, आले चौघंच. पाच नंबरवाला आलाच नाही. शिपायानं दोनदा नंबर पुकारला, थोडं थांबलेही ते लोक. साहेब, तो आला असता तर मी लागलोच नसतो. सगळ्यात जुनं कार्ड त्याचं होतं म्हणे."

चंद्रभानने पेढा तोंडात टाकला. "असतात असे लोक," तो म्हणाला. "आपण इथे टाचा घासतो, आणि ज्यांना कॉल येतो ते घरी पंखा लावून झोपतात. त्यांची कीव करू नकोस. पुढे विभागीय परीक्षा असते, तिचा अभ्यास आतापासून लाव."

रुपराव वाकून त्याच्या पाया पडला. पाया पडून घ्यायची चंद्रभानला सवय झाली होती.

इंदुताई त्या दिवशी एका कॉलेजात व्याख्यानाला गेल्या होत्या. तीन वाजता ताराचंदने टपाल आणून टाकलं. सगळ्यात वर एक पाकीट होतं, चुरगळलेलं, तीन विभागांचे शिक्के खाल्लेलं. वर पत्ता होता, 'मोठे साहेब, नोकरीचे हापीस, युनिवर्सिटी, नागपूर.' बिचारं पंधरा दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होतं. चंद्रभानने ते नेहमीसारखं पट्टीने फोडलं. आतून दोन कागद निघाले. एक छापील, एक वहीचं पान. वहीच्या पानावर शाळकरी पोरीचं अक्षर होतं.

'साहेबास मारोती धकाते, राहणार उमरेड, याचा रामराम. पत्र शेजारची देवकी लिहून देत आहे. माझा मुलगा चंद्रभान तुमच्या हापिसात चार वर्षापासून नोकरीला आहे. तुमच्या कृपेने त्याचे चांगले आहे. तरी त्याच्या नावाने पुन्हा नोकरीचे बोलावणे आले आहे. चुकून आले असेल. आमच्या गल्लीत अशी रीत आहे की सोसायटीचे सूत आले आणि आपला माग भरलेला असला, तर ते सूत आपण ठेवत नाही. ज्याचा माग रिकामा आहे त्याच्या घरी नेऊन देतो. भरल्या मागावर दुसरा ताणा चढवला तर दोन्ही खराब होतात आणि शेजारी उपाशी राहतो. म्हणून हे बोलावणे परत पाठवत आहे. ज्या आईबापाचा मुलगा घरी बसून आहे त्याला ही जागा द्यावी. चंद्रभानला मी सांगितले नाही. तो म्हणेल, बाबा, साहेबांना कशाला त्रास देता. लहान तोंडी मोठा घास घेतला, माफी असावी.'

खाली अंगठा नव्हता. मारोतरावांनी स्वतः सही केली होती, एकेक अक्षर वेगळं, लांब लांब.

छापील कागद एक्स्चेंजचा होता. धकाते चंद्रभान मारोती, बी.कॉम. पाटबंधारे खाते. सोमवार, बारा जून, सकाळी अकरा.

चंद्रभानने दोन्ही कागद दोनदा वाचले. मग उठून ताटीवर पाणी मारलं. ती ओलीच होती, पाणी खाली फरशीवर आलं. ताराचंद म्हणाला, "काहून गा, बाप्पा? ताटी बुडवून राहिला काय?" चंद्रभान परत टेबलापाशी येऊन बसला. आपल्याला आता रडू येईल, निदान राग तरी येईल, म्हणून त्याने थोडी वाट पाहिली. बापाचा राग येण्याची सोय नव्हती. त्या माणसाने उभ्या जन्मात कोणाचं सूत दाबून ठेवलं नाही, आणि आज तेवढंच केलं होतं. रुपरावचा राग यावा, तर त्याला बूट आपणच दिले. उरला तो स्वतः. पण स्वतःचा राग यायला आत कोणीतरी जागं असावं लागतं. सहा वर्षांत ते कधी निजलं, कोण जाणे. त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नाही याची मात्र पहिल्यांदा भीती वाटली. तोंडात पेढ्याची चव तेवढी होती.

केंद्राचा नियम असा, की येणाऱ्या प्रत्येक पत्राची आवक रजिस्टरात नोंद करायची आणि लिहिणाऱ्याला पोच धाडायची. नियम इंदुताईंचा, पण काटेकोर पाळायचा चंद्रभान. त्याने रजिस्टर ओढलं, तारीख घातली, आणि 'कोणाकडून' या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं. 'विषय' या रकान्यापाशी तो थोडा अडला. मग लिहिलं, 'जागा परत केल्याबद्दल.'

नंतर त्याने पोस्टकार्ड घेतलं आणि आपल्या त्या नावाजलेल्या अक्षरात पोच लिहिली. 'श्री. मारोतराव धकाते, उमरेड, यांस. आपले पत्र मिळाले. आपल्या सूचनेप्रमाणे ही जागा एका गरजू उमेदवारास मिळाली आहे. आपला आभारी.'

इंदुताई साडेचारला आल्या, घामाघूम. "काही विशेष टपाल?"

"नाही, ताई. एक पोच आहे, सही पाहिजे."

ताईंनी पदराने कपाळ पुसलं आणि न वाचता सही केली. चंद्रभानने कार्डावर गोल शिक्का मारला. त्याला सांगता आलं असतं. ताईंनी धावपळ केली असती, एक्स्चेंजला फोन लावला असता, आणि तिकडून कोणीतरी म्हटलं असतं की जागा भरली. हे सगळं त्याला इतकं पाठ होतं, की बोलायचे कष्ट कशाला घ्यायचे ते त्याला कळेना. जाताना त्याने कार्ड टपालपेटीत टाकलं आणि इतवारीत दुकानावर गेला.

एक जुलै शनिवारी आली. नेहमीच्या बसने तो उमरेडला उतरला. गल्लीतून जाताना चंपतरावाने ओट्यावरून रामराम घातला. घरी आईने भाकर टाकली होती. मारोतराव मागावर होते. पोराला पाहून त्यांनी धोटा बाजूला ठेवला आणि खड्ड्यातून पाय वर घेतले. चेहऱ्यावर काहीतरी लपवलेलं होतं, आणि लपवायची सवय नसल्यामुळे ते सगळं दिसत होतं.

"वर पाह्य," ते म्हणाले.

मागाच्या वर भिंतीला, विठोबाच्या तसबिरीशेजारी, पोस्टकार्ड चिकटवलेलं होतं. लावायला मागावरचीच खळ वापरली होती. गोल शिक्का नीट दिसेल असं ते मधोमध बसवलं होतं.

"तुले न सांगता तुह्या सायबाले पत्र धाडलं मी," मारोतराव म्हणाले. "रागावू नको. सायबानं जवाब देल्ला. देवकीनं वाचून दाखवला, पन ती पोरगी लय घाईत वाचते. तू वाच एकडाव."

चंद्रभानने वर पाहून वाचलं. पाठच होतं, तरी त्याने एकेक शब्द सावकाश वाचला. "...ही जागा एका गरजू उमेदवारास मिळाली आहे."

"कोनाले भेटली, मालूम हाय काय तुले?"

"काटोलचा पोरगा आहे, बाबा. रुपराव."

"घरी बसून होता?"

"दोन वर्सं."

"मंग बेस झालं." मारोतरावांनी समाधानाने मान हलवली. आतून आई म्हणाली, "कालपासून साऱ्या गल्लीले दाखवून राहिले. जेवाले बी उठत नाही." मारोतरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते अजून कार्डाकडेच पाहत होते.

"काय अक्षर हाय गा! धागा मोजून विणल्यावानी. कोनी लिवलं हे? सायबानं?"

"नाही. हापिसातल्या एका बाबूनं."

"पक्का हाय काय तो बाबू, का टेंपरवारी?"

आठ दिवस चंद्रभानने ज्याची वाट पाहिली ते रडू आता आलं होतं, नको त्या जागी, बापासमोर. त्याने खिशातून पगार काढला आणि मागाच्या कडेला ठेवला.

"पक्का हाय, बाबा," तो म्हणाला.

"असनच," मारोतराव म्हणाले, आणि पुन्हा मागावर बसले.