खारं अंग

आमच्या घरात एका माणसाचं फार कौतुक, आणि त्या माणसाच्या दम्याचं त्याहून जास्त. अजिनाथला धूळ चालत नाही, अजिनाथला ताक देऊ नका, अजिनाथचा आत्ताच डोळा लागलाय, भांडी हळू घासा. अजिनाथ म्हणजे माझा नवरा. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी मिरजगावजवळच्या या वस्तीवर आले आणि तेव्हापासून त्यांच्या छातीच्या शिट्टीवर कान ठेवून आहे. दम लागला की तोंडात मारायचा पंप कुठला, एक दाब की दोन, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यांच्या दम्याला सगळ्यांची माया आणि माझ्या रिकाम्या ओटीला सगळ्यांची बोलणी, अशी आमची सरळ वाटणी होती.

माझ्या तपासण्या सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. नगरला दुर्बीण घालून झाली, नळ्यांत औषध सोडून फोटो काढून झाले, तेही तीनदा. सगळं बरोबर आहे, आता मालकांची तपासणी करा, असं प्रत्येक डॉक्टर म्हणायचा आणि प्रत्येक वेळी सासूबाई पिशवी उचलून उठायच्या. त्यांचा मुलगा आधीच आजारी, त्याला आणखी काय तपासायचं, असं त्यांचं म्हणणं. आपला तो बाब्या, दुसरं काय. मी नाचणारी आणि अंगणही मीच वाकडं केलेलं.

वस्तीच्या खालच्या अंगाला कडूबाई राहते. तिलाही मूल नाही. सासूबाईंचा थोरला मुलगा, म्हणजे यांच्या आधीचा, आठ महिन्यांचा होऊन गेला. तो कडूबाईच्या नजरेनं गेला असं सासूबाई गेली चाळीस वर्षं सांगत आल्या आहेत. तिच्या दारावरून जायची वेळ आली तर त्या वाकडी वाट करून बांधानं जातात. मी दुसरी कडूबाई व्हायचं एवढंच बाकी होतं.

गेल्या दिवाळीनंतर यांना न्यूमोनिया झाला. नगरच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. तिथली छातीची डॉक्टरीण पोरसवदा होती, पण कागद नीट वाचणारी निघाली. लहानपणापासून खोकला, हिरवा बेडका, नाकातलं मांस दोनदा काढलेलं, टीबीचा कोर्स दोनदा, आणि टीबीचा जंतू मात्र एकदाही सापडलेला नाही. तिनं सगळं एकाखाली एक मांडलं आणि यांना सोडून मलाच विचारलं, की यांच्या कपड्यांवर मीठ साठतं का.

मला हसूच आलं. बारा वर्षं मी ते शर्ट धुते. वाळलेल्या घामाचे पांढरे डाग पाठीवर असे उमटतात की दांडीवर शर्ट नव्हे, नकाशा वाळत घातलाय असं वाटावं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी लाजत लाजत यांना म्हटलंही होतं की तुम्ही फार खारट लागता. कष्टाच्या माणसाचा घाम आहे, म्हणाले. गोठ्यातल्या गायाही यांचेच हात चाटतात. माझ्या हाताला तोंड लावत नाहीत, यांचे मात्र कोपरापर्यंत चाटून काढतात. जनावराला माणूस कळतं, माझ्या लेकाचं मन साफ आहे, असं सासूबाई आल्या-गेल्याला सांगतात. हे सगळं मी डॉक्टरणीला सांगितलं. ती हसली नाही. घामाची तपासणी करायला तिनं आम्हाला पुण्याला धाडलं.

तिथं यांच्या हाताला औषधाच्या चकत्या लावून बारीक करंट दिला, मग अर्धा तास हात गुंडाळून ठेवून घाम गोळा केला. घामाचीबी टेस्ट असती व्हय, म्हणून हे तिथल्या मुलीशी चेष्टा करत होते. साठाच्या वर आकडा गेला की आजार. यांचा आकडा शंभराच्या पुढं होता. मग रक्त गेलं, आणि महिन्यानं नगरच्या डॉक्टरणीनं आम्हाला समोर बसवलं.

आजाराचं नाव इंग्रजी होतं, सिस्टिक फायब्रोसिस. तिनं मराठीत समजावलं. दमा हा त्याचा वरचा मुखवटा. अंगातला चिकट स्राव घट्ट होतो, फुफ्फुसात साठतो, घामातून मीठ जास्त जातं. जन्मापासूनचा आजार आहे. आई आणि बाप दोघांकडून एकेक खराब जनुक आलं तरच होतो, म्हणून नात्यात लग्नं होतात तिथं जास्त दिसतो. मग ती म्हणाली, की या आजारात बहुतेक पुरुषांना बीज वाहून नेणारी नळी जन्मतःच नसते. मूल न होण्याचं कारण तेच असणार.

माझ्या नळ्या तीनदा तपासल्या होत्या. त्या होत्या. नसलेली नळी शेजारच्या खुर्चीत बसली होती. मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला, आणि इतका आला की हातातली पाण्याची बाटली मी चुरगळून टाकली.

डॉक्टरीण पुढं बोलत होती. भावंडं कोण आहेत, असं तिनं विचारलं. एक बहीण आहे, दिशा, तिला सहावा लागलाय, असं मी सांगितलं. दिली कुठं? खर्ड्याला, सख्ख्या आत्याच्या घरी. सासूबाई स्वतःही आत्याच्याच घरी आलेल्या. घरची मुलगी घरात, सोयरीक तुटत नाही, जमीन हलत नाही, याचा आमच्याकडं फार अभिमान. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. दोघा नवरा-बायकोचं रक्त ताबडतोब तपासा, म्हणाली. दोघांतही हे जनुक निघालं तर बाळाची तपासणी जन्मल्याबरोबर करता येईल आणि पहिल्या दिवसापासून औषध देता येईल. उशीर झाला तर बाळ पोसत नाही.

एसटीत हे खिडकीकडं तोंड करून बसले होते. रुईछत्तीशी मागं पडल्यावर म्हणाले, "घरी दमाच हाय म्हनून सांगायचं."

"आणि दिशा?"

"तिला काय हुत न्हाई. तिच्या घरात कुनाला हाय का दमा?" मग म्हणाले, "लोकं मला काय म्हनतील? तुला सवय तरी झालीया बोलनी खायची."

हे ते वाईट बुद्धीनं म्हणाले नाहीत. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले. म्हणूनच ते माझ्या काळजात रुतून बसलंय आणि मरेपर्यंत निघायचं नाही. घरी गेल्यावर त्यांनी फाईल लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली करदोट्याला बांधली. माझ्यापासून आजवर त्यांनी दुसरं काहीच कुलपात ठेवलं नव्हतं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मी दिशाच्या नवऱ्याला फोन केला. त्यांनी यांना विचारलं, आणि यांनी हसून उडवलं. मग दिशा सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला आणि पुढं बाळंतपणाला माहेरी आली. त्या दिवशी शंभर माणसांचा स्वयंपाक मी केला. पुरणाला माझा हात चालतो, ओटीला चालत नाही. बायका ओटी भरून पांगल्यावर मी दिशाला आतल्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं. घाम, आकडा, रक्त, आत्याचं घर, कपाटात कुलूपबंद केलेली फाईल, सगळं. तपासून घे, एवढंच मागणं होतं माझं. ती घाबरून रडायला लागली आणि सासूबाई आत आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी दिशाच्या पोटावर पदर टाकला आणि मला म्हणाल्या, "भरल्या पोटाम्होरं असलं बोलतीस. तुझं पिकंना, म्हनून दुसऱ्याचं जळू दे, व्हय?"

मी यांना बोलावलं. हे दारात आले. मी म्हटलं, "अहो, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगा." तिघींच्या नजरा त्यांच्यावर. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी खिशातून पंप काढला. छातीत शिट्टी नव्हती. बारा वर्षं मी ती छाती ऐकतेय, मला कळतं. दोन दाब मारले, उगाच खोकले आणि म्हणाले, "डाक्टर लोकं कायबी सांगत्यात." मग गायांना वैरण टाकायला निघून गेले. गाया त्यांचे हात चाटत होत्या.

त्या दिवसापासून घरात मी खरीच कडूबाई झाले. दिशाला मुलगी झाली. पाळण्याच्या खोलीत मला मज्जाव. मी धुतलेली दुपटी सासूबाई पुन्हा पाण्यातून काढायच्या. बाळाला घेऊन दवाखान्याला निघताना मी समोर आले की सगळे परत फिरून, पाणी पिऊन निघायचे. त्यामुळं कर्जतच्या मुलांच्या डॉक्टरपुढं उभं राहून दोन शब्द सांगायचीही माझी सोय नव्हती. दिशाला मी येता-जाता सांगायचे, ती मान खाली घालायची. बाळ भुकेनं कावल्यासारखं दूध प्यायचं, आणि अंगाला काही लागायचं नाही. दीड महिना झाला तरी मांड्यांची कातडी लोंबत होती. शी तेलकट, घाण वासाची. डॉक्टर पोटाचे थेंब बदलून देत राहिले. सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळत राहिल्या.

मे महिन्यात उन्हानं पत्रा तापला. दुपारची वेळ होती. मी मागच्या ओट्यावर ज्वारी निवडत होते. सासूबाई चार हात लांब भिंतीला टेकून बसल्या होत्या, हे दावी वळत होते. दिशा आतून आली. केस सुटलेले, डोळे कोरडे. कुणाकडं न बघता सरळ माझ्याकडं आली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. पहिल्यांदा. बारा वर्षांत या घरातलं लेकरू माझ्या मांडीवर कुणी ठेवलं नव्हतं.

"वैनी," ती म्हणाली, "हिच्या कपाळाचा मुका घ्या."

सासूबाई उठायला लागल्या. दिशानं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. बाळ हलकं होतं, दोन महिन्यांचं वाटतच नव्हतं. भुवयांच्या वर पांढरी पूड धरली होती. मी ओठ टेकले. त्या चवीशी माझी जुनी ओळख होती. मी खरी ठरले होते, आणि देवा, असं खरं ठरणं वैरिणीलाही देऊ नकोस.

"खारट हाय ना?" दिशानं विचारलं.

मी मान हलवली. बाळ माझ्या बोटाला चोखत होतं.

सासूबाई अर्धवट उठल्या तशाच थांबल्या होत्या. मग जवळ येऊन खाली बसल्या, बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. कितीतरी वेळ ते बोट त्यांनी तोंडातून काढलं नाही.

"माझा थोरला आसाच लागायचा," त्या म्हणाल्या. "मी म्हनायची, मिठाचं लेकरू हाय माझं. आन् मी चाळीस वरसं त्या कडूबाईला..."

माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी वाट पाहत होते, खोटं कशाला सांगू. एक शब्द मलाही मिळावा असं वाटत होतं. तो आला नाही. त्या उठल्या आणि दावी वळणाऱ्या लेकापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"किल्ली दे," म्हणाल्या.

यांचा हात खिशाकडं गेला, पंपाच्या. सासूबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला नाही.