खिळ्याला टांगलेला पाय

मित्रांनो, मी एक पाय आहे. जुना, उजवा आणि लाकडाचा. दचकू नका. ज्या लाकडी पावलावर चामडं ताणून बुटाला आकार देतात, त्याला फर्मा म्हणतात. मी तोच. माझा डावा भाऊ माझ्याच खिळ्याला लटकतो, पण तो पहिल्यापासून अबोल. म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की कारागीर त्याला कागदावर उभं करत, पावलाभोवती पेन्सिल फिरवत, फितीने माप घेत आणि त्या मापाचा फर्मा घडवत. एकदाच. पुन्हा म्हणून माप नाही. आपलं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ते मिशीतल्या मिशीत हसत सांगायचे. होता होता भिंतभर पावलंच पावलं झाली. नवं माणूस आत आलं की भिंतीकडे बघून दारातच थबकायचं.

मी ज्यांचा पाय, त्या बाई कापडाच्या एका मोठ्या दुकानात दिवसभर विक्रीला उभ्या असत. माप दिलं तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. बुटांचं वेड असं, की समोरून माणूस आलं तर चेहरा नंतर, आधी पायातलं बघणार. फॅशनच्या मासिकांतली चित्रं कापून आणायच्या आणि कारागिरांशी घोळ घालत बसायच्या. टोक किती निमुळतं, टाच किती बारीक, शिवण कुठून न्यायची. त्या त्यांना दादा म्हणत, ते त्यांना ताई. नवा बूट हातात आला की बाई आधी तो उलटा करत. तळव्याची कमान आत वळते तिथून बोट फिरवत, डोळे मिटून चामड्याचा वास घेत. मोरपंखी जोडी झाली तेव्हा म्हणाल्या, हे पायात घालण्यापेक्षा देवळीत ठेवावेत. दादा खूश, वरची शिलाई करणाऱ्या त्यांच्या बायको, आमच्या मालकीणबाई, खूश. आणि मी फुगलो. लाकडाने फुगू नये, पण फुगलो.

कारण त्या बुटांचा पहिला पाय मीच होतो ना! ओलं चामडं पकडीने खेचून माझ्यावर बसवायचं, खाली खिळ्यांनी ठोकायचं आणि सुकेपर्यंत तसंच ठेवायचं. मग बूट माझ्यावरून उतरून बाहेरच्या जगात जायचे आणि मी परत खिळ्यावर. बाईंचा पाय म्हणजे मीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

एका संध्याकाळी बाई लेकीच्या लग्नासाठी केलेली जोडी न्यायला आल्या. गडद जांभळी, टोक सुईसारखं. घालून आरशापर्यंत गेल्या, परत आल्या, नेहमीसारखं "फुलासारखे आहेत हो" म्हणाल्या आणि नवे बूट घालूनच निघाल्या. पिशवी मात्र स्टुलावरच राहिली. मालकीणबाईंनी ती घाईने उचलली, तर आतून झिजलेल्या रबरी चपला पडल्या. त्या चपला पिशवीत कोंबून त्या बाईंच्या मागे धावल्या.

परत आल्या त्या बाईंना दंडाला धरूनच. बाई अनवाणी, नवे बूट मालकीणबाईंच्या हातात. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पायरीवर बूट काढून बसल्या होत्या, पिशवी सापडेना म्हणून तिथेच अडकल्या होत्या. दिवसभर बूट सोसेनासे झाल्यापासून ते कोपऱ्यापर्यंत घालायचे आणि तिथे चपला चढवायच्या, हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

मालकीणबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि जमिनीवर बाईंच्या पायाशेजारी ठेवलं.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे म्हणूनच उभा राहिलो. तो पाय माझा कुणीच नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. अंगठा आत वळून शेजारच्या बोटावर चढलेला. करंगळीवर कुरूप. पाऊल पसरट, सुजलेलं. त्याच्या शेजारी मी, सडपातळ, गुळगुळीत. माझ्याच आकाराने तो पाय पिळून काढला होता.

दादा जवळ येऊन वाकले. "ताई, एकदा तरी बोलायचंत."

"काय बोलणार, दादा? बूट सुंदरच होते. चूक पायाचीच वाटायची."

"अहो," मालकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही ताईंचा पाय शेवटचा कधी बघितला होता? लाकडाचाच तर बघत आलात."

मग एकेक बाहेर आलं. डॉक्टरांनी यापुढे फक्त रुंद, मऊ, खोक्यासारखे बूट घालायला सांगितले होते. लग्नात ही जोडी जीव मुठीत धरून घालायची आणि मग सुंदर बुटांचं नाव टाकायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. दादा म्हणाले, मीच आता पकडीला हात लावत नाही. इतक्या वर्षांचं काम क्षणात त्यांच्या डोळ्यांदेखत मातीमोल झालं होतं. मालकीणबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि कोरा कागद आणून जमिनीवर अंथरला.

दादा गुडघ्यांवर बसले. पेन्सिल हाडाभोवती अशी हळू फिरवली, जशी झोपलेल्या बाळाभोवती चादर खोचावी.

पुढचा धक्का माझा. माझ्या अंगठ्याशी चामड्याचे तुकडे चिकटवले, कानशीने घासले, करंगळीपाशी फुगवटा आणला. आरशात बघितलं तर मी बेढब. आयुष्यभराचं कौतुक कानशीच्या भुशासारखं उडून गेलं. माझ्यावर आता काय शोभणार?

पण दादा पुन्हा मासिकांतली चित्रं चाळू लागले. रंग तोच जांभळा. टोक बदामासारखं. एक तिरकी शिवण त्यांनी अशी नेली, की नजर उंचवट्यावर थांबायलाच तयार नाही, सरळ घसरून टाचेकडे जाते. टाच बुटकी, पण कमरेत बारीक, रुबाबदार. मालकीणबाईंनी ती शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली. इतका देखणा बूट माझ्यावर त्याआधी कधीच बसला नव्हता.

बाई आल्या. बूट उलटा केला, बोट फिरवलं, वास घेतला. मग पायात घातले आणि जागच्या जागी थिजल्या. आरशाकडे गेल्याच नाहीत. चेहरा असा, की कुणीतरी थोबाडीत मारली असावी.

"दादा," त्या तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या, "दुखत नाही हो."



तेव्हापासून आमच्या दुकानाची रीत बदलली. दादा एकेका जुन्या गिऱ्हाइकाला बोलावून पुन्हा कागदावर उभं करतात. मित्रांनो, तुमच्याही मनाच्या भिंतीवर तुमच्या माणसांची जुनी मापं टांगलेली असतील. ती अधूनमधून खाली उतरवा आणि खऱ्या माणसाशेजारी ठेवून बघा. धक्का बसेल. बसू दे.

त्या दिवशी बाई ती नवी जोडी घालूनच निघाल्या आणि चपलांची पिशवी पुन्हा स्टुलावरच राहिली. मालकीणबाई ती घेऊन दारापर्यंत गेल्या, पण हाक मारायची सोडून तशाच उभ्या राहिल्या. दादांनी हातातली पकड खाली ठेवली. आम्ही सगळे टाचांचा आवाज ऐकत होतो. टक, टक, टक. शिंप्याची पायरी आली.

आवाज थांबला नाही.