शेवटच्या रिळातला हात

मित्रांनो, मी एक जुना सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आहे, आणि मला मराठी येतं याचं नवल वाटून घेऊ नका. दहा वर्षं ज्याच्या पोटातून दर महिन्याला एक मराठी सिनेमा गेला, त्याला मराठी येणार नाही तर काय येणार? जन्म मात्र माझा इथलाच, शिकागोजवळच्या एका कारखान्यातला. पहिली चौदा वर्षं मी मिशिगनच्या एका शाळेत काढली. ज्वालामुखी, बेडकांची अंडी आणि दात कसे घासावेत, एवढंच दाखवत होतो. मुलं निवांत झोपायची.

शाळेला नवीन यंत्र मिळालं, तसं मिशिगनमधल्याच नोव्हाय गावच्या मराठी मंडळानं मला आणलं. मंडळाला स्वतःची जागा नव्हती. जवळच्या सर्बियन चर्चचं तळघर त्यांना शनिवारी मिळायचं, आणि त्याच्या बदल्यात चर्चचा सिनेमा असेल तेव्हा आमच्या चारुदत्तनं मला घेऊन जायचं, असं ठरलं होतं. चारुदत्त मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. माझी लेन्स तो स्वतःच्या मऊ धोतराच्या टोकानं पुसायचा. एरवी ते धोतर गणपतीला एकदाच बाहेर निघायचं. इतके लाड माझे नंतर कुणी केले नाहीत.

आता त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट सांगतो. क्लीव्हलँडच्या सर्बियन मंडळींकडून एक सिनेमा आला. ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अमलातल्या एका सर्बियन कुटुंबाची कथा. थोरल्या मुलाला बादशहाच्या फौजेत जबरदस्तीनं नेतात, धाकटा नदी ओलांडून पलीकडच्या सैन्यात जातो, आणि म्हातारा बाप मधे घर धरून बसतो. दोन मोठी रिळं आणि शेवटचं अकरा मिनिटांचं छोटं रीळ, बिस्किटांच्या डब्याएवढं.

या सिनेमाची वाट पाहत होत्या स्तानकाबाई. वय चौऱ्याहत्तर, चारुदत्तच्या शेजारच्याच घरात एकट्या राहायच्या. एकोणीसशे पन्नासमध्ये गाव सोडला, तो परत कधी पाहिला नाही. सिनेमातलं घर त्यांचंच होतं, बापजाद्यांचं. भाऊ तिथंच राहिला होता. सिनेमावाले घर मागायला आले तेव्हा त्यालाही एक छोटं काम दिलं. त्यानं पत्रात लिहिलं होतं, ‘अगदी शेवटी मेणबत्ती मी लावतो, बघ.’ सर्बियन घराण्याचा एक संत असतो, आपल्या कुलदैवतासारखा. त्याच्या दिवशी घरातला कर्ता माणूस मेणबत्ती लावतो, ती ही. भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता. तेहतीस वर्षांत त्याचा एक फोटोसुद्धा बाईंकडे आला नव्हता, आणि सोमवारी सकाळी रिळं परत जाणार होती.

शुक्रवारी चारुदत्त मला आणि रिळांना घरी घेऊन आला. छोट्या रिळातला एक जोड सुटत आला होता. डायनिंग टेबलावर बसून त्यानं तो जोड नव्यानं चिकटवला. तेवढ्यात कांचन, म्हणजे त्याची बायको, तिथून गेली. टेबलावर रिळाचा रिकामा डबा, त्यावर सर्बियन अक्षरांची चिठ्ठी. स्तानकाबाई तिला नेहमी अक्रोडाचा केक अशाच गोल डब्यातून पाठवायच्या, चिठ्ठी लावून. तिला वाटलं, हा स्तानकामावशींचाच डबा. आणि मराठी बाई कुणाचा डबा रिकामा परत करते काय? तिनं तो धुतला, पुसला, काठोकाठ शंकरपाळे भरले आणि रविवारी चर्चला न्यायच्या सामानात, दाराजवळ, मोठ्या दोन डब्यांवर ठेवून दिला.

इकडे चारुदत्तला डबा सापडेना. ओट्यावर एक निळा बिस्किटांचा डबा होता. त्यानं रीळ तात्पुरतं त्यात ठेवलं. नंतर दाराजवळ तिन्ही डबे रचलेले दिसले, तेव्हा त्याला वाटलं, कांचननं रीळ जागच्या जागी ठेवलेलं दिसतंय. निळा डबा होता नीलाचा. त्यांचे मित्र नीला आणि गिरीश लॅन्सिंगला राहायचे, शनिवारी फराळाला आले होते. कांचननं नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, ‘नीलाच्या डब्यात लाडू भर रे.’ ती दोघं निघताना कांचननं डबा उचलून पाहिला, चांगला जड लागला, म्हणून तसाच नीलाला दिला. दोघींनीही झाकण उघडलं नाही. मी टेबलावर बसून सगळं पाहत होतो, पण मला तोंड कुठंय?

रविवारी दुपारी तीनला तळघर भरलं. स्तानकाबाई पहिल्या रांगेत, काळ्या कोटात. पहिलं रीळ गेलं, दुसरं गेलं. त्यांचं अंगण, त्यांची विहीर, त्यांचं दार, सगळं मी दाखवलं. चारुदत्तनं तिसरा डबा उघडला आणि तसाच उभा राहिला.

त्याची दहा वर्षांची मुलगी उत्तरा शेजारी होती. ती म्हणाली, “बाबा, दॅट्स नॉट अ मूव्ही. दॅट्स शंकरपाळी.”

“कांचन,” चारुदत्तनं हाक मारली, “रीळ कुठंय?”

“कुठलं रीळ? हा तर मावशींचा डबा.”

“आणि निळा डबा?”

“तो नीलाला दिला ना काल. तू लाडू भरले होतेस की.”

“मी लाडू नाही भरले,” चारुदत्त म्हणाला.

 कांचन चर्चच्या स्वयंपाकघरातल्या फोनकडे धावली. लॅन्सिंगला नीलानं फोन उचलला. डबा अजून उघडलाच नव्हता, कारण गिरीशला डायबिटीस, आणि ती लाडू त्याच्यापासून लपवून ठेवते. कपाटातून डबा काढून पाहिला, तर आत रीळ. “गिरीश आत्ता निघतोय ड्राइव्ह करत,” ती म्हणाली. “तासभर लागेल यार, कुणाला जाऊ देऊ नका.”

कांचन स्तानकाबाईंच्या पायाशी बसली आणि सगळं खरं सांगून टाकलं. मला वाटलं, आता बाई भडकणार. त्यांनी डबा मांडीवर घेतला, एक शंकरपाळा खाल्ला आणि इंग्रजीत म्हणाल्या, “तेहतीस वर्षं थांबले. बस इथं माझ्याजवळ.” मग डबा रांगेत पुढं गेला आणि सर्बियन बायकांनी कॉफी टाकली. पण बाईंचा हात कोटाच्या बटणावरून हलत नव्हता. मला तो दिसत होता, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

सव्वापाचला गिरीश धापा टाकत जिना उतरला. रीळ चढलं, दिवे गेले. आता खरं सांगतो मित्रांनो, मी घाबरलो होतो. तो नवा जोड नेमका शेवटच्या प्रसंगात होता. माझ्या दातांत अडकून फाटला असता तर?

जोड खडखडत गेला, पण टिकला. पडद्यावर घर अंधारलेलं. दोन्ही मुलगे गेलेले, थोरला बादशहासाठी लढताना, धाकटा त्याच्याविरुद्ध. संताचा दिवस आलेला. म्हाताऱ्या बापाचा चेहरा दिसतो, पण तो नट. स्तानकाबाई पुढं झुकल्या. मग फक्त मेणबत्ती, आणि एक हात काडी घेऊन येतो. वात पेटते. हात जातो. चेहरा नाही. कुणाचाच नाही.

 कांचननं बाईंकडे पाहायचं टाळलं. एवढा घोळ, एवढी धावपळ, आणि पत्र लिहिणारा भाऊ त्यात नव्हताच, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

बाई उठल्या. माझ्याजवळ आल्या. “करंगळी पाहिलीत?” त्यांनी चारुदत्तला विचारलं. “अर्धी आहे. गिरणीच्या पट्ट्यात गेली. तो नऊ वर्षांचा होता, मी त्याला फडक्यात हात बांधून घरी आणलं. ब्रान्को आहे तो.”

चारुदत्तचा एक नियम होता, जुनं रीळ कधी उलटं फिरवायचं नाही. त्यानं मला थांबवलं, उलटं फिरवलं. ज्योत विझली, हात मागं गेला. मग पुन्हा सरळ. हात आला, अर्ध्या करंगळीचा, आणि मेणबत्ती लागली. या वेळी सगळं तळघर उभं राहून पाहत होतं. स्तानकाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि मोठ्यानं नाव सांगत होत्या, ज्यांना माहीत नव्हतं त्यांना.

नंतर नामावळी आली. तिच्यात ब्रान्को नव्हता. तेव्हा चारुदत्तनं रिळाच्या शेपटाकडची कोरी फिल्म ओढली, बाईंच्या हातात शाईचं पेन दिलं, आणि त्यांनी त्यावर भावाचं नाव लिहिलं. सोमवारी रीळ परत गेलं. पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या.

आता घरोघरी व्हिडिओ कॅसेट आल्या. मी कपाटात असतो, माझ्यावर नाताळच्या माळांची खोकी ठेवलेली आहेत. रागावलो नाही असं नाही. पण यंदा, एकोणनव्वद साली, मंडळाला अचानक आठवण झाली. मला बाहेर काढलं आणि मंडळाच्या पहिल्या सहलीचं रीळ लावलं. त्यात जाड चष्म्याचा एक माणूस कढीचं पातेलं धरून उभा आहे आणि पोट धरून हसावं तसा हसतोय. सगळे विचारायला लागले, हा कोण? चारुदत्तला आठवेना, कांचनलाही नाही. ज्यांना ठाऊक असेल ती माणसं टेक्सासला गेलीत, काही देवाघरी. मी त्याला नीट, स्पष्ट, चाळीस सेकंद दाखवला. त्याहून जास्त मला काही करता येत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर आनंदच आहे, नाही पुसलीत तरी चालेल. पण तुमच्या घरात जी रिळं असतील, जे फोटो असतील, ते घेऊन आजीआजोबांपाशी, काकामावशीपाशी बसा. हा कोण, ही कोण, हे एकेकाला विचारा आणि मागं लिहून ठेवा. आजच बसा, ती माणसं अजून त्याच खोलीत आहेत तोवर.